मॅकग्राथहून पाच घटका

मी एक जुनी तांब्याची वाटी आहे आणि माझ्या बुडाला भोक आहे. हसू नका, मित्रांनो. हे भोक पडलेलं नाही, मुद्दाम पाडलेलं आहे. नाशिकच्या तांबट आळीत एका कारागिराने मला ठोकून घडवलं आणि सुईच्या टोकाने भोक पाडून तो मला घंगाळातल्या पाण्यावर पुन्हा पुन्हा सोडत बसला. भोकातून पाणी हळूहळू आत चढायचं, मी भरायचे आणि बुडायचे. लवकर बुडाले की तो भोक किंचित बारीक करायचा, उशीर केला की किंचित मोठं. अखेर मी अगदी चोवीस मिनिटांत बुडायला लागले, तेव्हा त्याने मला पुसलं आणि म्हणाला, "झाली बाई एकदाची!"

चोवीस मिनिटं म्हणजे एक घटका. म्हणून माझं नाव घटिकापात्र. पूर्वी लग्नाचा मुहूर्त माझ्यावर मोजत. पुरुषोत्तम गुरुजींनी मला विकत घेतलं आणि पुढे कितीतरी लग्नं माझ्या साक्षीने लावली. मला हळदकुंकू वाहायचे, घंगाळाला धक्का लागू नये म्हणून पोरांना लांब हाकलायचे. नवरीइतकाच माझा मान होता, निदान मला तरी तसं वाटायचं.

मग माणसांच्या मनगटांवर घड्याळं आली. आधी पाहुणे बघायला लागले, मग नवरदेव. एका लग्नात तर खुद्द गुरुजींनीच उपरण्याआडून हळूच मनगट वर केलं आणि किती वाजले ते पाहिलं. मी तेव्हा पाण्यात होते! अर्धी भरले होते आणि माझ्या डोळ्यांदेखत हा प्रकार! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. घड्याळ या जातीशी माझं वैर तिथून सुरू झालं. मला जळकुकडी म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा.

गुरुजींची लेक मृणालिनी लग्न होऊन अमेरिकेला निघाली. जावई चारुदत्त दातांचे डॉक्टर होते. गुरुजींनी मला एका जुन्या पंच्यात गुंडाळून लेकीच्या बॅगेत घातलं. "तिकडे कोण वापरणार, बाबा?" असं ती म्हणाली, पण मला बाहेर काढून ठेवलं नाही. आम्ही आधी काही वर्षं तिच्या भावाजवळ, राजीवजवळ, जर्सी सिटीत राहिलो. नंतर चारुदत्तांना अलास्कात काम मिळालं आणि आम्ही नोमला आलो.

नोम म्हणजे समुद्राकाठचं, पार उत्तरेचं एक लहानसं गाव. तिथे बाहेरून येणारा रस्ताच नाही. कुठे जायचं तर विमानाने. चारुदत्तांना दर महिन्याला मॅकग्राथ नावाच्या दुसऱ्या एका आडगावी जाऊन तिथल्या लोकांचे दात बघायचे असत. दोन्हीकडचे विमानतळ एवढेसे, आणि मधले तीनशेहून जास्त मैल नुसते बर्फाचे आणि डोंगरांचे. दोन इंजिनांचं छोटं विमान ते अंतर दोन तासांत कापायचं. दोन तास म्हणजे पाच घटका.

त्या पाच घटकांनी माझं नशीब पालटलं, मित्रांनो! पहिल्यांदा चारुदत्त गेले तेव्हा मृणालिनी दिवसभर खिडकीशी उभी होती. विमानतळावर वॉल्टर नावाचा एक म्हातारा काउंटर सांभाळायचा. त्याला रेडिओवर कळलं की तो तिला फोन करायचा, "दे आर ऑफ, मिसेस डॉक." विमान मॅकग्राथहून सुटलं, एवढाच त्याचा अर्थ. पुढे काय करावं हे तिला सुचेना. मग तिने कपाटातून मला काढलं, स्टीलच्या पातेल्यात पाणी भरलं आणि मला वर सोडलं. मी बुडाले की उचलायची, पाणी ओतून टाकायची, पुन्हा सोडायची. पाचव्यांदा बुडाले की कुकरमध्ये भात लावायची. भात होईपर्यंत दारात चारुदत्तांच्या गाडीचा आवाज यायचा.

पहिल्या खेपेला तिने नळाचं पाणी तसंच घेतलं होतं. अलास्कातलं ते पाणी! माझा जीव गारठला, भोकातून पाणी चढेना आणि मी रेंगाळले. चारुदत्त दारात येऊन उभे राहिले तरी माझी पाचवी घटका चालूच. तेव्हापासून ती कोमट पाणी घ्यायला लागली. आणखी एक गोष्ट ती पाळायची. 'वाटी बुडाली' असं कधी म्हणायची नाही. नवरा आकाशात असताना बुडण्याची भाषा कशाला? ती म्हणायची, "वाटी टेकली." तिची लेक सुनेत्रा तेव्हा लहान होती. पातेल्याला नाक लावून बसायची आणि ओरडायची, "आई, टेकली!" ती वर्षं माझी होती. घरात भिंतीवरचं घड्याळ होतं, पण विमानाच्या दिवशी त्याच्याकडे कुणी ढुंकून बघत नसे.

सुनेत्राच्या नवव्या वाढदिवसाला राजीवमामा जर्सी सिटीहून आला. येताना तो माझी सवत घेऊन आला. काळं, प्लॅस्टिकचं मनगटी घड्याळ. काटे नाहीत, नुसते आकडे. बटण दाबलं की पोटात हिरवा उजेड पडायचा आणि दर तासाला ते आपण होऊन 'टीं' करायचं. कुणी विचारलेलं नसताना! मी माझ्या सबंध आयुष्यात तोंडातून एक आवाज काढला नाही, आणि हे दर तासाला स्वतःची दवंडी पिटत होतं.

मला पाहून राजीवमामा म्हणाला, "ताई, हे अजून ठेवलंयस? यार, बाबांनी तरी किती सेंटिमेंटल असावं! सुनेत्राचं वॉच बघ, सेकंदाचा फरक पडत नाही."

"असू दे रे, कोपऱ्यात पडलीय," मृणालिनी म्हणाली.

पडलीय! मी तिच्या नवऱ्याची वाट तिच्याबरोबर मोजली होती, आणि मी आता पडलीय! नव्याचे नऊ दिवस म्हणून मी मनाची समजूत घातली, पण हे नऊ दिवस काही सरेनात. मृणालिनीने वॉल्टरलाही सांगून टाकलं, "फोनचा त्रास घेऊ नका, आम्हाला टाइम माहीत आहे." विमान मॅकग्राथहून तीनला निघायचं आणि नोमला चारला उतरायचं. सुनेत्राच्या मनगटावर चार वाजून 'टीं' झालं की कुकर चढायचा. मला केसांच्या पिना ठेवायला घेतलं होतं.

आता तुम्ही म्हणाल, तीनला निघून चारला उतरलं तर दोन तास कुठले? त्याचं असं होतं. नोमचं घड्याळ मॅकग्राथच्या एक तास मागे असे. तिकडे तीन वाजत तेव्हा इकडे दोनच वाजलेले असत. म्हणून घड्याळात बघणाऱ्याला येताना एक तास दिसे आणि जाताना तीन. विमान बिचारं दोन्ही वेळा सारखंच उडत होतं. नाव मोठं आणि लक्षण खोटं, दुसरं काय! मृणालिनीला हे माहीत होतं. पण माहीत असणं निराळं आणि वेळेवर आठवणं निराळं. तिच्या मनात 'तीनला सुटतं, चारला येतं' एवढंच घट्ट बसलं होतं.

मग १९८३ सालचा ऑक्टोबर संपत आला. चारुदत्त शनिवारी मॅकग्राथला गेले, या वेळी आठवडाभराच्या कॅम्पसाठी. दुसऱ्या दिवशी, रविवारी, सरकारने अलास्कातल्या वेळा बदलल्या. नोमच्या लोकांना घड्याळं एक तास पुढे करायला सांगितलं. मायलेकींनी घरातली सगळी घड्याळं पुढे केली. सुनेत्राने आपल्या लाडक्याची बटणं दाबून त्याचेही आकडे बदलले. मी पिनांखालून बघत होते. एका हुकमासरशी ते निमूटपणे वेगळी वेळ दाखवायला लागलं. मला तर कुणी सांगितलं असतं तरी मी चोवीस मिनिटांची पंचवीस केली नसती.

नोम आणि मॅकग्राथ, दोन्ही गावांची वेळ आता एकच झाली होती. म्हणजे तिकडून तीनला निघालेलं विमान इकडे पाचला येणार. पण तिघांपैकी हे जाणणारा माणूस मॅकग्राथला दात उपटत होता.

त्याच आठवड्यात शाळेत सुनेत्राच्या बाईंनी मुलांना काम दिलं. आपल्या विमानतळाशिवाय अलास्कातला दुसरा एखादा विमानतळ निवडा, दोघांमधलं अंतर किती आणि उडायला वेळ किती लागतो ते शोधा. सुनेत्राने बाबांच्या नकाशावर पट्टीने अंतर मोजलं आणि वेळ घड्याळावरून लिहिली. जाताना तीन तास, येताना एक तास. बाईंनी विचारलं, "येताना तेच विमान एवढं जोरात कसं येतं?"

"बिकॉज माय डॅड वॉन्ट्स टू कम होम," सुनेत्रा म्हणाली.

सगळा वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. त्या एवढंच म्हणाल्या की घड्याळ न बघता दुसऱ्या कशाने तरी मोजून बघ. रडवेली होऊन पोरगी घरी आली आणि तिने पिना टेबलावर उपड्या करून मला उचललं. किती दिवसांनी त्या हातांचा स्पर्श झाला मला! पण घड्याळ त्याच मनगटावर होतं. माझ्याकडे बघून त्याने टीं केलं.

शुक्रवार उजाडला. दुपारी तीन वाजता सुनेत्राने मला कोमट पाण्यावर सोडलं. तिकडे विमान सुटलं असणार होतं. मी मन लावून भरले, टेकले. पुन्हा भरले, टेकले. साडेतीनच्या सुमारास समुद्रावरून बर्फ आलं. आधी विरळ, मग एवढं दाट की समोरचं घर दिसेना. मृणालिनी खिडकीत जायला लागली. मी तिसऱ्यांदा पाण्यावर तरंगत असताना मनगटावर 'टीं' झालं. चार वाजले.

विमानाचा आवाज नाही. थोडा वेळ गेला, तरी नाही. मृणालिनीने वॉल्टरला फोन लावला, तर लाइन मेलेली. तिने पुन्हा लावला, पुन्हा तेच. साडेचार होत आले तेव्हा तिचा चेहरा मला ओळखू येईना. गाडी चारुदत्तांनी विमानतळावर ठेवली होती. तिने टॉर्च काढला, कोट चढवला आणि बूट घालायला दाराशी बसली.

"सुनेत्रा, मफलर घाल. आपण एअरपोर्टला वॉक करत जातोय."

"आई, बाहेर काहीच दिसत नाहीये!"

"रस्त्याच्या कडेने जाऊ. चारला यायचं विमान आहे. काहीतरी झालंय. मी इथे नुसती बसू शकत नाही गं."

मित्रांनो, नोमच्या बर्फात वाट चुकलेली माणसं कधी कधी स्वतःच्या घरापासून हाकेच्या अंतरावर सापडतात, आणि तेही उन्हाळा लागल्यावर. मला ओरडावंसं वाटत होतं की बाई, जाऊ नकोस, अजून त्यांची वेळच झालेली नाही! पण मी मुकी. आयुष्यात पहिल्यांदाच मला घड्याळाच्या त्या 'टीं'चा हेवा वाटला. निदान त्याला आवाज तरी होता!

मी माझ्या हातात होतं ते केलं. भरत राहिले. तेवढ्यात पाणी माझ्या काठाला आलं आणि मी खाली गेले.

"टेकली!" सुनेत्रा किंचाळली. "आई, वेट! आता चौथी झाली. ओन्ली फोर!"

"काय चौथी?"

"वाटी. मी तीनला सोडली होती, प्रोजेक्टसाठी. तूच म्हणायचीस ना, बाबांना फाइव्ह लागतात? अजून फाइव्ह झाल्याच नाहीत."

"अगं, साडेचार वाजले! तुझ्या हातातल्या घड्याळात बघ ना!"

सुनेत्राने घड्याळाकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मी पातेल्याच्या तळाशी पडून होते आणि माझा सगळा जीव त्या पोरीच्या तोंडाकडे लागला होता.

"पण तू आधी वाटीच बघायचीस," ती म्हणाली. "आणि बाबा यायचे. दर वेळी यायचे."

मृणालिनी एक बूट पायात आणि दुसरा हातात घेऊन तशीच बसून राहिली. मग म्हणाली, "बरं. पाचवी टेकेपर्यंत. मग मी जाणार, तू शेजाऱ्यांकडे बस." बाहेर जाण्याचा हट्ट तिने सोडला नव्हता, फक्त पुढे ढकलला होता. तिने माझं पाणी बदललं, त्यात किटलीतलं गरम घातलं आणि स्वतःच्या हाताने मला वर सोडलं.

ती पाचवी घटका! गुरुजींच्या मांडवातसुद्धा माझ्यावर इतके डोळे खिळले नव्हते. मृणालिनी काहीतरी पुटपुटत होती, बहुतेक रामरक्षा. सुनेत्राने घड्याळ काढून कोटाच्या खिशात टाकलं होतं. एरवी हे पाहून मी मोहरले असते. पण तेव्हा मला एवढंच कळत होतं की मी टेकले की ही बाई उठणार आहे, आणि जास्त वेळ तरंगावं असं माझ्या अंगात नाही.

मी टेकले. बाहेर आवाज नव्हता.

मृणालिनीने दुसरा बूट घातला. उभी राहिली. दाराची कडी काढली, आणि वारा एवढ्या जोरात आत आला की पातेल्यातलं पाणी हललं. सुनेत्रा धावली. दाराकडे नाही, पातेल्याकडे. तिने मला उचलून पुन्हा पाण्यावर ठेवलं.

"वन मोर, आई. प्लीज. उलटा वारा असला की बाबांना लेट होतो, ते स्वतःच म्हणतात."

सहाव्यांदा मला आजवर कुणी सोडलं नव्हतं. ही घटका कशाची, हे मलाही ठाऊक नव्हतं. मृणालिनी दार धरून उभी होती. मी भरत होते आणि ती बघत होती. पाणी अर्ध्यावर आलं असेल नसेल, बर्फ एकदम विरळ झालं, समोरच्या घराचं छप्पर दिसायला लागलं आणि त्याच्या वरून ती घरघर आली. ओळखीची, दोन इंजिनांची. मृणालिनी उंबऱ्यातच खाली बसली आणि लहान मुलीसारखी रडली.

चारुदत्त टोपीवरचं बर्फ झटकत आत आले. "काय झालं? चेहरे असे का तुमचे?"

"तीनला निघालात ना?" मृणालिनी म्हणाली.

"हो, शार्प तीनला."

"मग चारला यायचं!"

त्यांना क्षणभर कळलं नाही. मग ते हसायला लागले. "अगं, रविवारी घड्याळं पुढे केलीत ना? आता मॅकग्राथचा आणि आपला टाइम सेम झाला. तीन आणि दोन, पाच. त्यात आज हेडविंड होता..." बोलता बोलता त्यांना तिच्या पायातले बूट दिसले, टॉर्च दिसला, उघड्या दारातून आत आलेलं बर्फ दिसलं. ते हसायचे थांबले. "तू बाहेर पडणार होतीस? ह्या स्नोमध्ये?"

तिने वाकून बूट काढायला घेतले.

"वाटीने थांबवलं," सुनेत्रा म्हणाली.

चारुदत्तांनी मला पातेल्यातून उचललं. बराच वेळ ते मला हातात धरून होते आणि माझ्यातलं पाणी थेंब थेंब त्यांच्या बाहीत जात होतं. त्यांनी बाही झटकली नाही. मला अगदी ठणकावून सांगावंसं वाटलं की हे बघा, हे तुमचं सेकंदाचाही फरक न पडणारं! पण सांगून उपयोग नव्हता. सुनेत्राच्या खिशात सहाचं 'टीं' झालं, आणि खरं सांगते, त्या घरात कुणीही तिकडे मान वळवली नाही. मला फार बरं वाटलं. अजूनही वाटतं.

त्या संध्याकाळी जेवताना मृणालिनी म्हणाली, "अहो, पुढच्या वेळेपासून वॉल्टरला फोन करायला सांगा. किती वाजता येणार ते मला नको. निघालात, एवढंच सांगा. पुढचं मी बघते."

सुनेत्राने बाईंना दोन्ही बाजूंचे दोन दोन तास लिहून दिले आणि कसे मोजले ते सांगायला मला शाळेत नेलं. मुलांनी मला हातात घेऊन भोकातून एकमेकांकडे बघितलं. घड्याळ दुसऱ्या दिवशी पुन्हा तिच्या मनगटावर चढलं. वाढदिवसाला, सहलीला, सिनेमाला तेच जातं. मला फक्त काळजीच्या दिवशी बोलावतात. याचं मला वाईट वाटतं, आणि ते मी लपवणार नाही.

मित्रांनो, मला चिंचेने घासून लख्ख ठेवा, असं सांगून मी तुमचा वेळ घेणार नाही. तांबं काळं पडलं तरी मरत नाही. पण तुम्ही कधी लांब कुठे निघालात, तर निघताना घरी एक फोन करा. पोचल्यावर सगळेच करतात. निघालो, एवढं कळलं की घरातल्या माणसाला मोजायला सुरुवात करता येते. नाहीतर ते एक बूट पायात आणि एक हातात घेऊन दाराशी बसतं.